पाणी ओसरलं तरी मूठ सुटेना

जून संपत आला की आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय सुरू होतो, कोयना धरणातून किती पाणी सोडलं, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला किती फूट झालं, खाली कर्नाटकात अलमट्टी धरणवाले किती सोडायलेत. क्युसेक म्हणजे काय ते कळत नाही असा माणूस सांगलीत शोधून सापडायचा नाही, माझ्या पोरीला तिसरीत असल्यापासून इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट हे पाठ आहे. तर हे मेसेज यायला लागले की माझा उजवा हात दुखायला लागायचा. आधी मनगट, मग कोपर, मग खांदा, मग मान. अशी चार वर्षं गेली आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

हे लिहू का नको यात बरेच महिने गेले. पण परवा एक मैत्रीण म्हणाली, माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत गं पण मला बरं वाटत नाही, आणि तिचा चेहरा बघून मला माझाच २०२२-२३ मधला चेहरा आठवला, म्हणून लिहितेय.

आमचं घर गावभागात. जुनं घर, खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर माडी. २००५ च्या पुरात खाली कमरेएवढं पाणी आलं होतं, त्यामुळं २०१९ ला ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा आण्णा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले की कमरेच्या वर काय जात नाही, सामान माडीवर चढवू आणि बसू. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, गल्लीत सगळ्यांचाच हिशोब २००५ चा होता. पण ते पाणी थांबलंच नाही. आयर्विनला ५७ फुटांच्या वर गेलं त्या वर्षी. ६ तारखेपासून ९ तारखेपर्यंत आम्ही माडीवर होतो, मी, हे, आण्णा, आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि आमची आठ वर्षांची पोरगी. लाईट नाही, फोनची बॅटरी जपून जपून वापरायची, प्यायचं पाणी दोन घागरी. आमच्या जिन्याला १४ पायऱ्या आहेत. आण्णा रात्री दर तासाला बॅटरी घेऊन उठायचे, जिन्यात वाकून बघायचे आणि आकडा सांगायचे. सहा राहिल्या. पाच राहिल्या. शेवटी तीन राहिल्या.

८ तारखेला ब्रह्मनाळला बोट उलटल्याची बातमी कळली. आणि ९ ला आमच्या गॅलरीखाली बोट आली. म्हणजे आदल्या दिवशी माणसं बोटीत बुडालेली ऐकली आणि दुसऱ्या दिवशी आपण आपलं लेकरू बोटीत उतरवायचं. मी पोरीचं मनगट धरलं ते थेट पाण्याबाहेर डांबरी रस्त्यावर पाय टेकेपर्यंत सोडलं नाही. नंतर नातेवाईकांच्या घरी तिचे कपडे बदलताना बघितलं तर तिच्या मनगटावर माझ्या चार बोटांचे निळे वळ उठलेले. ती म्हणाली, मम्मी तू लई जोरात धरलेलीस. एवढंच. ती खेळायला गेली आणि मी बाथरूममध्ये जाऊन उलटी केली.

मग चिखल काढणं, पंचनामे, भिंतींचा वास, कपाटं रस्त्यावर, सगळ्या सांगलीनं केलं तेच. कुणी विचारलं तर मी म्हणायची, आमचं काय, आमचं फक्त सामान गेलं, लोकांची माणसं गेली. आणि हे खरंच होतं. म्हणूनच तर मला कधी वाटलं नाही की मला काही झालंय. ज्यांचं जास्त गेलं त्यांच्यासमोर आपलं दुखणं काढायची लाज वाटते, आणि ही लाज फार वाईट, ती तोंड बंद ठेवते पण अंग बंद ठेवत नाही.

दुखणं सुरू झालं २०२० च्या पावसाळ्यात. आधी हात. मग ॲसिडिटी. मग रात्री तीनला जाग, ठरलेली, घड्याळ न बघता सांगता यायचं तीन वाजले असणार, आणि छातीत धडधड. २०२१ ला जुलैमध्ये परत पूर आला, त्या वेळी आम्ही आधीच बाहेर पडलो होतो तरी मला तीन दिवस घास गिळवला नाही. आमच्याकडं काही दुखलं की मिरज गाठायची हे ठरलेलंच, दवाखान्यांचं गाव. मानेचा एमआरआय झाला, मणके जरा झिजलेत, या वयात असतंच म्हणाले. ईसीजी नॉर्मल, टूडी एको नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल, एंडोस्कोपीत थोडी सूज. आईंनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या, गुरुवारी दत्ताला नेलं. त्यांच्या परीनं त्यांनी मला जपलंच.

२०२२ ला आण्णा गेले, आजारपणानं. मला रडूच आलं नाही. माझ्यावर एवढा जीव असलेला माणूस, आणि मी काचेच्या पलीकडून बघावं तशी सगळं बघत होते, चहा करत होते, आलेल्यांना पाणी देत होते. लोकांना वाटलं सून खंबीर आहे. मला आतून भीती वाटत होती की आपण दगड झालो का काय.

तोडगा सापडला तो फिजिओथेरपीच्या टेबलावर. तिथली मुलगी रजिस्टर चाळत सहज म्हणाली, मॅडम तुम्ही दरवर्षी जून-जुलैमध्येच येताय बघा, दिवाळीत कधी हात दुखत नाही का तुमचा? मी गप्प. मग तिनं विचारलं, पुरात होता का तुम्ही? आणि माझा तोच हात थरथरायला लागला, तिच्यासमोर, थांबवता येईना. तिनंच विश्रामबागच्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा नंबर दिला. तो नंबर पर्समध्ये दोन महिने पडून होता, कारण मी काय वेडी आहे का हा प्रश्न. घरात कुणी तसं म्हणालं नव्हतं, मीच स्वतःला म्हणत होते.

मॅडमनी पहिल्या दिवशी पुराबद्दल काही विचारलंच नाही. झोप, भूक, पाळी, कुठं दुखतं, कधी दुखतं एवढंच. मग मी सांगायला लागल्यावर म्हणाल्या, सगळं आज नको, घाई नाही. आणि एक गोष्ट सांगितली ती मी विसरणार नाही. म्हणाल्या, तुमच्या शरीराची धोका पातळी ४५ फुटांवरून २० ला येऊन बसलीय, पाणी पात्रात असलं तरी भोंगा वाजतोय, भोंगा खराब नाहीय, आकडा चुकलाय, तो आपण परत वर नेऊ. सांगलीच्या बाईला याच्यापेक्षा सोपं करून कुणी काय सांगणार.

नंतर मी बरंच वाचलं, त्यांनाही विचारलं, मला जसं कळलं तसं सांगते. मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो, धोका ओळखायचं काम त्याचं. त्यानं इशारा दिला की ॲड्रेनालिन सुटतं, मागोमाग कॉर्टिसॉल, हृदय जोरात, श्वास वरवरचा, रक्त हातापायांकडं, स्नायू आवळलेले, आणि पोटाचं काम बंद. लढा किंवा पळा. अमेरिकेतल्या वॉल्टर कॅनन या शास्त्रज्ञानं हे १९१५ च्या सुमाराला मांडलं, आणि गंमत म्हणजे तो मुळात जनावरांच्या पचनाचा अभ्यास करत होता, एक्स-रेखाली बघताना त्याच्या लक्षात आलं की प्राणी घाबरला की त्याच्या पोटाची हालचालच थांबते. हे वाचल्यावर मला माझ्या ॲसिडिटीचा राग यायचा थांबला.

आणि लढता पण येत नाही पळता पण येत नाही, तेव्हा तिसरी गोष्ट होते, शरीर थिजतं. हातपाय गार, आवाज फुटत नाही, सगळं लांबून चाललंय असं वाटतं. माडीवर चार दिवस आम्ही कुठं पळणार होतो? हे थिजणं आपण ठरवून करत नाही. ज्या पोरीवर कुणी हात टाकला तिला लोक विचारतात, तू ओरडली का नाहीस, हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. तिच्या शरीरानं तिला जिवंत ठेवायला जे सुचलं ते केलं, तिला विचारून केलं नाही. हे एवढं तरी आपल्याकडं घराघरांत कळायला पाहिजे.

आठवणीचं पण तसंच. हिप्पोकॅम्पस म्हणून दुसरा भाग आहे, तो आठवणीवर तारीख आणि ठिकाण टाकतो, हे २०१९ ला झालं, तिथं झालं, संपलं. भीती एकदम जास्त झाली की हा नीट चालत नाही, मग आठवण तुकड्यातुकड्यांत राहते, वास वेगळा, आवाज वेगळा, हाताची पकड वेगळी, आणि त्यावर तारीखच नसते. म्हणून ओल्या मातीचा वास आला की शरीराला ती आठवण आहे असं वाटत नाही, आत्ता चाललंय असंच वाटतं. या सगळ्याला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, हे नाव अमेरिकन मानसोपचार संघटनेनं १९८० साली अधिकृत यादीत घातलं, त्यात व्हिएतनामवरून परतलेल्या सैनिकांचा मोठा भाग होता. पण सैनिकच लागतो असं नाही. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातला एक मोठा अभ्यास छापून आला, साडेनऊ हजार माणसांचा, लहानपणी घरात मारहाण, छळ, दारू, दुर्लक्ष असं जेवढं जास्त बघितलेलं तेवढा मोठेपणी हृदयविकारासकट कितीतरी आजारांचा धोका जास्त. मला वाटतं आपल्या प्रत्येक घरात अशी एक आत्या किंवा काकी असते जिचं कायम काहीतरी दुखत असतं आणि सगळे म्हणतात, हिचं नेहमीचंच आहे. तिला कुणी बसवून विचारलेलं नसतं.

असो. थेरपीत काय केलं ते सांगते, कारण मला आधी वाटायचं नुसतं बोलत बसायचं असणार.

पहिले पाच-सहा सेशन फक्त शरीर शांत करायला शिकणं. पाय जमिनीला टेकवून फरशी गार आहे का गरम ते बघायचं. श्वास चार मोजून आत, सात मोजून बाहेर, कारण श्वास सोडताना हृदयाची गती जरा खाली येते आणि तो लांबवला की व्हेगस नावाच्या नसेतून शरीराला शांत व्हायचा निरोप जातो. आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं घ्यायची, चार गोष्टींना हात लावायचा, तीन आवाज ऐकायचे. मी म्हटलं यानं काय होणार. पण रात्री तीनला उठून फरशीवर पाय टेकवून हे केलं आणि महिन्याभरात पहिल्यांदा परत झोप लागली. छोटी गोष्ट आहे, पण चार वर्षांत आपल्या हातात काहीतरी आहे असं पहिल्यांदा वाटलं.

मग ईएमडीआर. फ्रान्सिन शापिरो या बाईंनी १९८७ मध्ये शोधलेली पद्धत, आधी त्यावर बरीच टीका झाली, पण २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या आघातानंतरच्या त्रासासाठी ही आणि ट्रॉमासाठीची सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी, अशा दोन्ही पद्धती सुचवल्या. यात त्या प्रसंगाचं एक चित्र मनात धरायचं आणि डोळ्यांनी मॅडमच्या बोटांमागं जायचं, डावीकडं उजवीकडं. मधे थांबून त्या विचारणार, आता काय येतंय? हे का चालतं यावर तज्ज्ञांत अजून वाद आहेत, एक म्हणणं असं की मनाची जागा दोन कामांत वाटली जाते म्हणून आठवणीची धार कमी होते. मला एवढंच माहिती की चालतं.

मी चित्र घेतलं बोटीचं. साहजिकच. पोरीचं मनगट, गढूळ पाणी. मॅडमनी विचारलं शरीरात कुठं, मी हात दाखवला. दोन सेशन बोटीवरच गेले आणि जरा हलकं वाटायचं पण हात काही सुटेना. तिसऱ्या वेळी बोटांमागं डोळे फिरत असताना बोट गेलीच, आणि एकदम आवाज आला. ढप्. ढप्. ढप्.

आमचा फ्रीज. खाली पाण्यात तरंगायला लागला होता आणि रात्रभर भिंतीवर, जिन्याच्या कठड्यावर आदळत होता. अंधारात आम्ही पाच जण वर, आणि खालून कुणीतरी घरात शिरायला बघतंय असा तो आवाज, दर मिनिटाला, तीन रात्री. पोरगी विचारायची कोण आहे गं खाली, मी म्हणायची कोण नाही झोप, आणि तिचं मनगट धरून ठेवायची. म्हणजे मी तिला बोटीत धरलंच नव्हतं फक्त, मी तिला ६ तारखेपासून धरलेलं होतं. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं कारण मलाच आठवत नव्हतं. पुराची गोष्ट सांगायची म्हटलं की मी बोट सांगायची, सगळे बोटच विचारायचे. शरीर मात्र फ्रीज धरून बसलं होतं. शेजारी वॉशिंग मशीन आपटत फिरायला लागलं की मी स्वयंपाकघरातून बाहेर का यायची, वर माडीवर कुणी पाय आपटला की माझं अंग का आकसायचं, हे सगळं त्या खुर्चीत बसल्या बसल्या जुळलं. मी खूप रडले. आणि त्यात आण्णांसाठीचं रडणं पण आलं, बॅटरी घेऊन जिन्यात वाकलेले आण्णा, वर्षभर उशिरा.

मॅडमनी घाई केली नाही. शेवटी म्हणाल्या, आता हाताकडं बघा. माझी मूठ मांडीवर उघडी पडलेली होती.

एका दिवसात झालं असं कुणी समजू नका. मधे एक महिना असा गेला की त्रास वाढला, स्वप्नं पडायला लागली, सोडून द्यावं वाटलं. एका सेशनचे हजार रुपये, हे नाही म्हणाले नाहीत पण महिन्याचा हिशोब मलाच दिसत होता. सगळे मिळून १६ सेशन झाले. मग आयर्विनवर पायी जायचा होमवर्क, आधी ह्यांच्याबरोबर, मग पोरीबरोबर, मग एकटीनं. शेवटी पोरीला मी त्या वळांबद्दल विचारलं, तुला राग आला होता का माझा. ती आता मोठी झालीय, म्हणाली, अगं मम्मी मला तेवढ्यानंच वाटत होतं की मी पडणार नाही. मी ते पाच वर्षं उलटं धरून बसले होते.

गेल्या पावसाळ्यात पाणी पात्राबाहेर आलं तेव्हा मला भीती वाटली. वाटायलाच पाहिजे, आम्ही नदीकाठचे आहोत. पण बॅग भरली, कागदपत्रं घेतली, गाडी विश्रामबागेत नेऊन लावली आणि जेवले. हात जरासा दुखला, मग थांबला.

ज्यांना माझ्यासारखं होतंय त्यांना दोन-तीन गोष्टी नक्की सांगते. छातीत दुखलं, चक्कर आली तर आधी डॉक्टरकडंच जा, सगळं मनाचं आहे म्हणून घरी बसू नका, माझ्या तपासण्या फुकट गेल्या असं मला अजिबात वाटत नाही. एखादा प्रसंग झाल्यावर पहिले काही आठवडे झोप न लागणं, दचकणं हे होतंच आणि बहुतेक माणसं घरच्यांच्या आधारानं आपोआप सावरतात, पण महिना उलटून गेला तरी तसंच असेल तर दाखवा. काहींना गोळ्या पण लागतात, त्या सायकियाट्रिस्ट, म्हणजे मनाच्या आजारांचे डॉक्टर, देतात, मध्येच स्वतःहून बंद करायच्या नाहीत. आणि नुकतंच संकटातून आलेल्या माणसाला बसवून सांग सांग काय झालं असं खोदून विचारू नका, त्यानं फायदा होत नाही, कोरडे कपडे द्या, खायला द्या, त्याला बोलावंसं वाटेल तेव्हा ऐका. पैशाची अडचण असेल तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट, दिवसरात्र, मराठीतून बोलता येतं.

एक सांगायचं राहिलं. मागच्या महिन्यात दुपारी मी आणि आई तांदूळ निवडत बसलो होतो. मी त्यांना थेरपीबद्दल फार बोलले नव्हते, हाताच्या व्यायामाला जाते एवढंच त्यांना माहिती. त्या दिवशी काय वाटलं कुणास ठाऊक, मी फ्रीजचं सांगितलं. त्यांचा हात सुपात तसाच थांबला.

"तुला पण यायचा व्हय गं त्यो आवाज? मला वाटलं मलाच येतोय."

मी विचारलं, आई, अजून येतो?

त्या म्हणाल्या, रोज रात्री. आण्णा असताना त्यांना उठवून विचारायचे, ते म्हणायचे काय नाही, झोप. आता कुणाला विचारू.

सहा वर्षं आम्ही एका भिंतीच्या अलीकडं पलीकडं झोपतोय. मी सूप बाजूला ठेवलं. त्यांचे पाय फरशीवर टेकवले, म्हटलं बघा बरं, गार आहे का गरम. त्या म्हणाल्या, गार हाय की.

गुरुवारी साडेअकराची वेळ घेतलीय मॅडमची, आईंसाठी. दत्ताला सकाळी लवकर जाऊन येऊ असं त्यांनीच ठरवलंय.